नवा पंप टाकला तरी पॉवर स्टेअरिंगचा आवाज जाईना. ऑईलच्या डबीतून पंपाकडं येणारा पाईप कसा फिरवावा?

अंबडचा_बागायतदार · सोमवार, रात्री ९.१०

राम राम मंडळी. गाडी डिझेल पिकअप, हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगची. मोसंबीचा हंगाम असला की अंबडहून जालना मार्केट, नसला की खत, सोयाबीन, सरकी, जे भाडं मिळंल ते.

सकाळी गाडी गप असती. वीस-पंचवीस किलोमीटर गेलं, इंजिन तापलं की पंप कण्हायला लागतो. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवलं की गुंऽऽऽ करतो आणि रेस दिली की आवाज रेसबरोबर चढतो. सरळ रस्त्यावर कमी. स्टेअरिंग जड म्हणावं तर जड नाही, पण मार्केटात गाडी मागं-पुढं करताना मधूनच हाताला थरथर लागायलीय.

मेकॅनिक म्हणाले पंप गेला. नवा बसवला. थोडे दिवस बरं होतं, आता परत तेच. आता म्हणायलेत स्टेअरिंग बॉक्स उतरवू. बॉक्सच्या खर्चात पडायच्या आधी इथं विचारावं म्हणलं. ऑईल लाल आहे, पातळी बरोबर आहे, खाली एक थेंब गळत नाही.

बालाघाट_चालक · सोमवार, रात्री ९.३२

बेल्ट बघितला का दादा? बेल्ट सैल असला तरी लॉकला, म्हणजे स्टेअरिंग एका बाजूला पार टोकाला गेल्यावर, बोंबलतो. इंजिन चालू ठेवून बेल्टच्या आतल्या बाजूला बाटलीनं थोडं पाणी शिंपडा. आवाज क्षणभर थांबला किंवा बदलला तर बेल्ट. काहीच फरक नाही पडला तर पंपाकडं बघा. बाही आणि गळ्यातला गमछा सांभाळून, पंखा जवळ असतो.

अंबडचा_बागायतदार · सोमवार, रात्री १०.०५

आत्ताच करून आलो. काही फरक नाही. बेल्ट पंपासोबतच नवीन टाकलाय, अंगठ्यानं दाबला की सेंटीमीटरभर दबतो.

लातूर_रोडलाईन्स · सोमवार, रात्री १०.२०

एवढं कशाला डोकं लावता. एटीएफ (स्टेअरिंगमधलं ते लाल ऑईल) काढा, इंजिन ऑईल भरा. घट्ट ऑईलनं आवाज बसतो. आमच्या जुन्या गाडीला असंच केलं होतं, विकेपर्यंत चालली.

गोदाकाठ · सोमवार, रात्री १०.२६

विकेपर्यंत चालली हे खरं. घेणाऱ्याला विचारलं का? 😀

निवृत्त_फोरमन · मंगळवार, सकाळी ६.४५

लातूरकर, राग मानू नका, पण हा सल्ला इथं चालणार नाही. ४० अंश तापमानाला १५डब्ल्यू-४० इंजिन ऑईल हे एटीएफच्या जवळपास तिप्पट घट्ट असतं. घासून ढिला झालेल्या पंपाचा आवाज घट्ट ऑईलनं काही दिवस दबतो, हे मान्य. अंबडकरांचा पंप नवा आहे. त्याला जर ऑईल पुरत नसेल तर घट्ट ऑईल आणखी कमी पोचेल. गाडीच्या पुस्तकात किंवा डबीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच भरायचं. डेक्सरॉन एटीएफ लिहिलं असेल तर तेच. आणि उद्या कुणी ब्रेक ऑईल टाका म्हणाला तर त्याला लांबूनच हात जोडा, त्यानं पंपाचे आणि बॉक्सचे ऑईल सील फुगून वाया जातात.

आता मुद्द्याचं. या सिस्टीमला तीन पाईप. डबीतून पंपात येणारा जाड पाईप, पंपातून बॉक्सकडं जाणारा दाबाचा पाईप, आणि बॉक्समधून डबीत परत येणारा बारीक पाईप. दाबाच्या पाईपात लॉकला ८०-१०० बारपर्यंत दाब जातो (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेचा दाब). तिथं गळती झाली तर ऑईल बाहेर उडतं आणि आंधळ्यालाही कळतं. पुरवठ्याच्या जाड पाईपात उलटा मामला आहे. इंजिन चालू असताना तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. क्लिप ढिली असली, रबर कडक पडलं असलं तर ऑईल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. म्हणून "एक थेंब गळत नाही" यावरून त्या पाईपाला निर्दोष सोडता येत नाही. बऱ्याच ठिकाणी पंप उगाच बदलला जातो तो याच गैरसमजात.

आज एवढं करा. गाडी चांगली गरम होऊ द्या, चाकं सरळ ठेवा, इंजिन स्लोला ठेवून डबीतली पातळी बघून खूण करा. मग इंजिन बंद करून लगेच परत बघा. ऑईलमध्ये हवा कोंडली असेल तर दाब सुटताच ती फुगते आणि पातळी वर चढते. पाच मिलीमीटरच्या आत चढली तर ठीक. त्याच्यावर गेली तर हवा आहे. ऑईलचा रंगही बघा. लाल काचेसारखं स्वच्छ दिसतंय की गुलाबीसर, फेसाळ दिसतंय?

दुसरं, डबी, जाड पाईप आणि पंप एकाच फोटोत येतील असा फोटो टाका.

अंबडचा_बागायतदार · मंगळवार, दुपारी १.३०

काका, केलं. इंजिन बंद केल्याबरोबर पातळी बोटभर वर आली. ऑईल गुलाबी झालंय, वर साबणासारखा फेस. सकाळी थंड असताना बघितलं होतं तेव्हा लाल होतं, म्हणून मी लाल लिहिलं.

फोटो टाकलाय. डबी बॅटरीच्या बाजूला दिसतीय ती. मूळ जागेवरचं ब्रॅकेट पावसाळ्यात शेताच्या रस्त्यानं माल काढताना तुटलं, तेव्हा गॅरेजमध्ये तिकडं पट्टी मारून बसवली होती. पाईप पुरंना म्हणून मधी तुकडा जोडलाय. तो इंजिनाच्या वरून येतोय.

गोदाकाठ · मंगळवार, दुपारी १.४१

अहो दादा, हे पहिल्याच पोस्टीत यायला पाहिजे होतं की! आम्ही बेल्टवर पाणी शिंपडत बसलो.

बालाघाट_चालक · मंगळवार, दुपारी २.१५

आवाज ब्रॅकेट तुटायच्या आधी होता का नंतर सुरू झाला?

अंबडचा_बागायतदार · मंगळवार, दुपारी २.३०

नंतर. पण लगेच नाही, महिनाभरानं.

परभणी_कृषी_अभियांत्रिकी · मंगळवार, संध्याकाळी ५.५०

फोटो झूम करून बघितला. मी अजून शिकतोय, चुकलं तर काका सुधारतीलच.

पंप ऑईल ओढतो असं आपण म्हणतो. खरं तर पंप आत फक्त रिकामी जागा तयार करतो आणि डबीतल्या ऑईलवर बसलेला हवेचा दाब ते ऑईल त्या जागेत ढकलतो. पंपाच्या पुढं १०० बारचा मामला असला तरी मागून ढकलायला आपल्याकडं एक बारही पुरता नाही. मराठवाडा समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटरवर, म्हणजे ०.९५ बारच्या आसपास. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर ऑईल पंपात पोचवायचं आहे. त्यामुळं दाबाच्या बाजूला खपून जाणारी गोष्ट इथं खपत नाही.

आता जोडतुकडा. मूळ पाईप आतून १६ मिमी दिसतोय. मध्ये टाकलेली लोखंडी नळी फोटोवरून तरी आतून १० मिमीच्या वर नसावी. पंप मिनिटाला आठ लिटर घेतोय असं धरलं तर १६ मिमीच्या पाईपात ऑईलचा वेग सेकंदाला ६६ सेंटीमीटर येतो, १० मिमीच्या नळीत १७० सेंटीमीटर. ऑईल संथ वाहतंय तोवर व्यास घटला की अडथळा त्याच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणजे त्या तुकड्यात दर सेंटीमीटरला साडेसहापट अडथळा. तुकडा आखूड आहे म्हणून एकूण फरक थोडा कमी पडेल, पण त्याच्या पुढं, पंपाच्या बाजूला, दाब उतरतोच. आणि दाब उतरला की कुठल्याही फटीतून हवा आत घुसायला मोकळी.

आणखी एक. या सिस्टीममध्ये ऑईल जेमतेम लिटरभर असतं. तेच ऑईल मिनिटाला सात-आठ वेळा फिरून येतं. एकदा बुडबुडे झाले की डबीत थांबून सुटायला त्यांना वेळच मिळत नाही.

निवृत्त_फोरमन · मंगळवार, रात्री ८.२०

शाब्बास. हिशोब बरोबर आहे. आमच्या वेळी वर्कशॉपात आम्ही हे आकडे न मांडता "तोंड दाबलंय" एवढंच म्हणायचो.

अंबडकर, तुमचा आवाज गरम झाल्यावर येतो, यातही उत्तर आहे. सकाळी गार ऑईल घट्ट असताना आवाज आणि तापल्यावर शांत, असं असतं तर डबीतली जाळी तुंबली आहे असं आधी म्हटलं असतं. तुमचं उलटं आहे. गार असताना गप, गरम झाल्यावर रडतो. एकतर तापून मऊ पडलेला पाईप आतल्या आत चपटा होतोय, नाहीतर सांध्यातून हवा खातोय. फोटोतला तो काळा तुकडा कशाचा आहे? रेघांवरून मला पाण्याचा वाटतोय.

अंबडचा_बागायतदार · मंगळवार, रात्री ८.४५

हो काका, रेडिएटरच्या पाईपाचा आहे. तोच मिळाला होता.

निवृत्त_फोरमन · मंगळवार, रात्री ९.५०

मग वेगळं काही शोधायची गरज नाही. पाण्याच्या पाईपाचं रबर वेगळं असतं, बहुतेक ईपीडीएम. पाणी आणि कूलंट त्याला चालतं, खनिज तेल चालत नाही. ऑईलमध्ये ते फुगतं, मऊ पडतं, मग आतला थर सुटून पडद्यासारखा लोंबतो आणि ऑईल यायच्या वाटेतच आडवा होतो. बाहेरून पाईप नवाकोरा दिसतो! लगेच नाही, महिनाभरानं आवाज सुरू झाला म्हणता, ते यामुळंच. नवा पंप बसवताना पाईप हलवला, क्लिपा पुन्हा आवळल्या, हवा काढली, म्हणून थोडे दिवस बरं वाटलं.

पाईप घ्यायचा तर ऑईलचा घ्या, नायट्राइल रबरचा. पुरवठ्याच्या बाजूला आत तारेचा वेढा असलेला सक्शन होज मिळाला तर उत्तम, तो चपटा होत नाही. गाडीचा मूळ साच्यातला वाकवलेला पाईप मिळत असेल तर काहीच विचार करू नका, तोच घ्या. माप पंपाच्या तोंडावरच्या, पाईप चढतो त्या नळीवरून ठरवायचं. १६ मिमी म्हणजे आपल्या भाषेत पाच सूत. दुकानदार "तीन सुताचा घ्या, ताणून बसतो" म्हणेल, घेऊ नका. तीन सूत परतीच्या बाजूला असतं. जाड दाबाचा होज तर या बाजूला मुळीच नको, तो वळत नाही आणि नळीवर नीट बसत नाही.

आता फिरवायचं कसं. डबी पंपाच्या तोंडापेक्षा उंच पाहिजे आणि डबीपासून पंपापर्यंत पाईप सतत उतरता पाहिजे. विहिरीवरच्या सायफनच्या पाईपाला मध्ये उंचवटा आला की तिथं हवा धरून बसते, तसंच हे. तुमचा पाईप इंजिनाच्या डोक्यावरून चढून उतरतोय, त्या कमानीत हवेचा फुगा कायम बसलेला असणार. रेस दिली की त्यातली थोडी हवा पंपात जाते. त्या पाईपाला कमान नको, खाली लोंबणारी झोळी नको, वाटेत जोड नको. एकसंध, आखूड, मोठ्या गोलाईत वळलेला. पकडून वाकवला आणि वळणावर अंडाकृती झाला तर ते वळण फार घट्ट आहे असं समजा.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोपासून चांगला हातभर लांब. जागाच नसेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा द्या आणि पाईपावर उष्णतेची बाही चढवा. आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश असतं, बॉनेटखाली किती होत असेल याचा अंदाज करा. पंखा, बेल्ट, पुली यांच्या वाटेत लटकू नये. आणि एक गोष्ट नेहमी विसरली जाते. डबी असते बॉडीला, पंप असतो इंजिनाला. इंजिन रबर माउंटिंगवर हलतं. पाईप ताठ ताणून बसवला तर गिअर टाकताना, खड्ड्यात, दर वेळी नळीवरून ओढला जातो आणि क्लिपेखाली फट पडते. दोन बोटं ढील ठेवा, पण ती ढील उताराच्या दिशेनं असू द्या. पीळ देऊन बसवू नका. पाईपावर रेघ छापलेली असते, ती सरळ दिसली पाहिजे.

टोक धारदार पात्यानं काटकोनात कापा. हॅक्सॉनं कापलं तर रबराचा चुरा आत जातो आणि तो थेट नव्या पंपात. क्लिप नळीच्या फुगवट्याच्या मागं बसली पाहिजे, फुगवट्यावर नाही. जुबिली क्लिप (स्क्रूनं आवळायची पट्टी) इतकी आवळू नका की रबर पट्टीच्या खाचांतून वर येईल.

नांदेड_डिझेल · बुधवार, सकाळी ७.३०

काकांचं सगळं मान्य, एका गोष्टीवर नाही. पाईप आखूडच पाहिजे असं काही नाही. मोठ्या गाड्यांना डबी लांब असते, पाईप चांगला मीटरभर येतो, आणि मजेत चालतात. लांब गेलं तर व्यास वाढवायचा. पाच सुताऐवजी सहा सूत घ्या आणि पंपाजवळ येऊन कमी करा.

निवृत्त_फोरमन · बुधवार, सकाळी ८.०५

बरोबर, पण तिथं डबीची आणि पंपाची दोन्हीकडची नळी त्या मापाची असते. इथं पंपाची नळी पाच सुताची. सहा सूत आणून शेवटी रिड्युसर लावला की आणखी दोन सांधे वाढले. ज्या सांध्यातून हवा येते म्हणून आपण भांडतोय तेच वाढवायचे? ब्रॅकेट बनवून डबी मूळ जागी नेणं स्वस्त पडेल.

नांदेड_डिझेल · बुधवार, सकाळी ८.१२

ब्रॅकेट होत असेल तर प्रश्नच मिटला. मी म्हणलं ते डबी मूळ जागी जातच नसेल तर.

पाथरीकर · बुधवार, सकाळी ९.००

पारदर्शक नळी लावून बघा असं एका ठिकाणी वाचलं. हवा दिसते म्हणे.

निवृत्त_फोरमन · बुधवार, सकाळी ९.२०

दिसते, आणि बघण्यापुरती चालते. पण ती बहुतेक पीव्हीसीची असते, गरम ऑईलनं मऊ पडते. गाडी उभी, ऑईल गार, पाच मिनिटं, बस्स. लावून रस्त्यावर जायचं नाही. त्यापेक्षा साधा उपाय, इंजिन चालू ठेवून एकेका सांध्याभोवती ग्रीस थापायचं. ज्या सांध्यावर थापल्यावर आवाज बदलला तो हवा खातोय. बेल्टवर ग्रीस उडू देऊ नका.

अंबडचा_बागायतदार · शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, काम केलं. सविस्तर सांगतो, कुणाला उपयोगी पडंल.

जालन्याला एमआयडीसीत रोलिंग मिलच्या हायड्रॉलिकचे होज बनवून देणारी दुकानं आहेत, तिथं तारेच्या वेढ्याचा पाच सुताचा सक्शन होज मिळाला. रेडिएटरचा तुकडा कापून उघडला. आतला थर जिभेसारखा सुटला होता, नखानं निघत होता. लोखंडी नळी मोजली, आतून बरोबर १० मिमी. परभणीच्या भावाचा अंदाज खरा निघाला.

ब्रॅकेट फॅब्रिकेशनवाल्याकडून पाच मिमी पट्टीचं केलं, डबी आणि पट्टीच्या मधी रबर दिलं. डबी काढून धुतली, आतल्या जाळीवर काळा गाळ होता. परतीचा पाईप काढून बाटलीत सोडला, डबीचं ते तोंड बुचानं बंद केलं, वरून नवीन एटीएफ ओतत स्टेअरिंग इकडं-तिकडं केलं, स्वच्छ लाल यायला लागेपर्यंत. मग पुढची चाकं उचलून घोडीवर ठेवली. इंजिन बंद ठेवूनच एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत हळूहळू फिरवत राहिलो, डबीत बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. पातळी मधीमधी भरत गेलो. त्यानंतर इंजिन स्लोला ठेवून परत तेच.

आवाज ऐंशी टक्के गेला. फेस नाही, इंजिन बंद केल्यावर पातळी जागेवर. पण एक बारीक गुणगुण राहिलीय. पंपाजवळ कान नेला तर कमी, केबिनमध्ये जास्त ऐकू यायलीय. फुल लॉकला नेऊन धरलं की घर्रर्र होतं.

बालाघाट_चालक · शनिवार, रात्री ९.५५

पंपाच्या तोंडाशी जी नळी बसते तिच्याखाली ओ-रिंग असते, ती बदलली का? पाईप नवा आणि ओ-रिंग जुनी, असं लई ठिकाणी राहतं.

अंबडचा_बागायतदार · शनिवार, रात्री १०.०१

नवीन पंपासोबत नवीन आली होती, तीच आहे. ग्रीस थापून बघितलं, आवाज बदलत नाही.

निवृत्त_फोरमन · रविवार, सकाळी ७.००

काम नेटकं केलंत. फुल लॉकला होणारी घर्रर्र हा दोष नाही. चाक अडलं की ऑईलला जायला वाट नसते, पंपातला जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, त्याचा आवाज आहे. लॉकला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवत जाऊ नका, ऑईल झपाट्यानं तापतं. मार्केटात गाडी काढताना ड्रायव्हर लॉकला दाबून गप्पा मारत बसतात, त्याला काय बोलावं.

केबिनमध्ये जास्त आणि पंपाजवळ कमी, हे बघा: दाबाचा पाईप कुठंतरी चेसीला किंवा फायरवॉलला (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याला) टेकलाय. पंपाचं ऑईल धक्क्याधक्क्यानं येतं, पत्र्याला पाईप टेकला की तो धक्का पत्रा वाजवतो. नवा पंप बसवताना दाबाच्या पाईपाचा नट आवळला तेव्हा पाईप त्याच्याबरोबर फिरला असेल. नट थोडा ढिला करून, पाईप हातानं धरून, बोटभर अंतर सोडून परत आवळा. मूळ क्लॅम्प असतील तर त्यातलं रबर जागेवर आहे ना तेही बघा. इंजिन बंद ठेवून, गाडी गार झाल्यावर. दाबाच्या पाईपाशी गरम इंजिनावर खेळ नको.

लातूर_रोडलाईन्स · रविवार, सकाळी ९.१०

काका, इंजिन ऑईलचं मागं घेतो. पण खरं सांगू का, आमच्याकडं गॅरेजला गाडी लावली की पंपाचंच नाव निघतं. पाईप कुणी बघत नाही, पाईपात कमाई नाही.

निवृत्त_फोरमन · रविवार, सकाळी ९.२५

सगळ्यांवर तसा ठपका नको. पंप खरोखर जातात. गरम झाल्यावर स्टेअरिंग जड पडणं, शाफ्टच्या सीलमधून गळणं, बेअरिंगचा खरखराट, ऑईलमध्ये चकचकीत चुरा, ही पंपाची लक्षणं. आणि पुली घणानं ठोकून बसवली तर चांगला पंपही बसवतानाच मरतो. पुली बोल्टच्या हत्यारानं ओढून बसवायची असते.

हिंगोली_शेतकरी · रविवार, दुपारी १२.३०

ट्रॅक्टरलाही हेच लागू होतं का? माझा नांगरट करताना वळणावर ओरडतो.

परभणी_कृषी_अभियांत्रिकी · रविवार, दुपारी १.१५

तत्त्व तेच. ट्रॅक्टरला बहुतेक गिअर पंप असतो. काही मॉडेलमध्ये स्टेअरिंगची वेगळी टाकी असते, काहींत ट्रान्समिशनचंच ऑईल वापरलं जातं. त्यात सक्शनचा फिल्टर किंवा जाळी आधी बघा. काळ्या मातीच्या धुळीत पातळी बघायला झाकण उघडलं की आत कचरा पडतो. आधी झाकणाभोवती फडक्यानं पुसून मग उघडा. ऑईल पुस्तकात लिहिलंय तेच, पिकअपचं एटीएफ तिकडं नको.

अंबडचा_बागायतदार · मंगळवार, रात्री ८.३०

काका म्हणाले तसंच निघालं. दाबाचा पाईप फायरवॉलच्या कडेला टेकलेला होता, तिथला रंग घासून पत्रा चमकायला लागला होता. ढिला करून सरकवला. गुणगुण गेली. आज माल भरून जालन्याला जाऊन आलो, येताना बॉनेट उघडून बघितलं, ऑईल लाल.

आता एक शेवटचं. जुना पंप घरी पडलाय. भंगारात देऊ का ठेवू?

नांदेड_डिझेल · मंगळवार, रात्री ८.५०

देऊ नका. मागची प्लेट खोलून आतली गोल रिंग बघा, पात्या जिच्यावर फिरतात ती. पात्या कशा बसल्यात त्याचा फोटो काढून मगच उचला, उलट्या बसल्या तर पंप दाब देणार नाही. रिंगवर आडव्या लाटा पडल्या असतील, बोटाला लागत असतील, तर त्यानं हवा खाऊन मार खाल्लाय, भंगार. गुळगुळीत असंल तर पंप चांगला आहे.

अंबडचा_बागायतदार · बुधवार, रात्री ९.१५

खोलला. रिंग गुळगुळीत, पात्या सगळ्या खाचेत मोकळ्या सरकायलेत, शाफ्टला खेळ नाही. सील किट टाकून बांधून ठेवतोय. याच मापाचा पंप कुणाला जालना-अंबडकडं अडचणीत लागला तर इथं निरोप टाका, घेऊन जा. पण आधी पाईप बघा.